विश्लेषण : चाळिशीत धमन्या कडक होत आहेत का? रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही?

शहापूर, आसनगाव, मुरबाडच्या बाजारपेठेत ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक आता नवे राहिलेले नाहीत. कमी पैशांत साठ-सत्तर तपासण्या, घरी येऊन नमुना आणि अहवाल थेट व्हॉट्सॲपवर, अशी ही सोय आहे. या अहवालांत साखर आणि कोलेस्टेरॉलच्या जोडीला हल्ली एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन-ए अशी नावे दिसू लागली आहेत. ‘हृदयाचा धोका आधीच ओळखा’ हे त्यामागचे आश्वासन असते.

आश्वासनात तथ्य आहे, पण अर्धेच. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या कित्येक वर्षे आधी धमन्या कडक होऊ लागतात आणि त्याच्या खुणा रक्तात दिसतात, हे खरे. मात्र धमनी किती कडक झाली, हे एकट्याने सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. तीव्र झटका आल्यावर कल्याण किंवा ठाणे गाठावे लागणाऱ्या तालुक्यांत हा फरक कळणे महत्त्वाचे आहे. कारण इथे आजार उशिरा कळण्याची किंमत शहरापेक्षा जास्त असते.

धमनी कडक होते म्हणजे नेमके काय होते?

शहापूर तालुक्यातल्या वाचकांना मोठ्या जलवाहिन्यांची ओळख करून द्यायला नको. १८९२मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून मुंबईकडे जाणारे नळ इथूनच निघतात. अशा पोलादी नळात झडप एकदम बंद केली तर दाबाचा धक्का सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने पुढे जातो, कारण पोलाद ताणले जात नाही. नळ रबरी असेल तर तो जागीच थोडा फुगतो आणि धक्का पचवतो. त्यामुळे लाट हळू सरकते.

हृदयातून निघणारी महाधमनी ही अशी रबरी नळी आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात आकसून रक्त पुढे ढकलते. म्हणून रक्तप्रवाह झटक्याझटक्याने न जाता सलग राहतो. मेंदू आणि मूत्रपिंडातल्या नाजूक केशवाहिन्या त्यामुळेच सुरक्षित राहतात.

ही लवचिकता येते इलॅस्टिन नावाच्या प्रथिनातून. शरीर ते मुख्यतः गर्भात आणि बालपणी तयार करते. नंतर त्याची भरपाई जवळपास होत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला सुमारे एक लाख आणि ४५ वर्षांत १६५ कोटींहून अधिक वेळा ही नळी ताणली जाते. इलॅस्टिनचे धागे तुटत जातात आणि त्यांच्या जागी कोलॅजन हे ताठ प्रथिन वाढते. नळी कडक झाली की प्रत्येक ठोक्याचा धक्का थेट मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो.

वयाप्रमाणे हे प्रत्येकात होते. प्रश्न वेगाचा आहे. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि दीर्घकाळची सूज हा वेग वाढवतात.

कोलेस्टेरॉलने धमनी ‘चोंदणे’ आणि हे एकच का?

नाही. धमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी साठून गाठ तयार होणे हा एक प्रकार. भिंतीचा लवचिकपणा जाणे हा दुसरा. दोन्ही बहुतेकदा सोबत चालतात, एकमेकांना वाढवतात, पण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. म्हणून कोलेस्टेरॉल उत्तम असलेल्या माणसाची धमनीही कडक असू शकते.

रक्तदाब वाढला म्हणून धमनी कडक होते, की उलट?

दोन्ही बाजूंनी होते. मात्र सुरुवात कुठून होते याचा एक महत्त्वाचा धागा अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून मिळाला. तिथल्या १,७५९ जणांची सुमारे सात वर्षांच्या अंतराने तपासणी झाली आणि निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची महाधमनी आधी कडक होती, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण जास्त आढळले. उलट, सुरुवातीच्या रक्तदाबावरून पुढचा कडकपणा सांगता आला नाही. म्हणजे यंत्रावर १२० आणि ८० हा आकडा दिसत असतानाही भिंतीत बदल सुरू झालेला असू शकतो.

मग कडकपणा मोजतात कसा?

दाबाच्या लाटेचा वेग मोजून. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर सेन्सर ठेवतात. लाट दोन्हीकडे किती वेळाच्या फरकाने पोहोचली, यावरून वेग निघतो. याला पल्स वेव्ह व्हेलॉसिटी म्हणतात. तरुण, निरोगी माणसात हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. १० मीटरच्या वर गेला तर धोका वाढला असे तज्ज्ञांच्या सहमतीने २०१२मध्ये ठरले. १७ अभ्यासांतल्या १५,८७७ जणांची माहिती एकत्र केल्यावर २०१०मध्ये दिसले की, वेग सेकंदाला एक मीटरने वाढला की हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो.

यामागचे गणित जुने आहे. भिंत जितकी जाड व ताठ आणि नळी जितकी अरुंद, तितकी लाट वेगवान, हे सूत्र १८७८मध्ये मोन्स आणि कोर्टेवेग यांच्या नावाने रूढ झाले. अडचण यंत्राची आहे. ते मोठ्या रुग्णालयांत आणि संशोधन संस्थांत असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळणार नाही. म्हणूनच रक्तातून काही कळेल का, हा शोध सुरू झाला.

रक्तात कोणत्या खुणा दिसतात?

रक्तातले घटक कडकपणा मोजत नाहीत. भिंतीवर कोणता मारा चालू आहे, एवढे ते दाखवतात. मुख्य खुणा पाच.

पहिली, साखर. भाकरी तव्यावर तांबूस होते तेव्हा पीठातली साखर आणि प्रथिने एकमेकांना चिकटतात. शरीरात हीच क्रिया अत्यंत मंद गतीने चालते. रक्तात साखर जास्त राहिली की ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत अडकतात आणि भिंत ताठ होते. एचबीए१सी ही तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणून ती गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते.

दुसरी, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड. यांचा थेट संबंध चरबीच्या गाठींशी आहे.

तिसरी, एचएस-सीआरपी. शरीरात कुठेही सूज असली की यकृत हे प्रथिन सोडते. लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, असे मानतात.

चौथी, होमोसिस्टीन. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की हे अमिनो आम्ल साठते आणि धमनीच्या आतल्या अस्तराला त्रास देते. १५ मायक्रोमोलच्या वर गेले तर वाढलेले समजतात.

पाचवी, क्रिएटिनिन. मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे ते दाखवते. मूत्रपिंड आणि धमन्या एकमेकांना बिघडवतात.

याशिवाय धमनीत कॅल्शियम साचू न देणाऱ्या मॅट्रिक्स ग्ला प्रथिनासारख्या खुणांवर काम चालू आहे. ‘के’ जीवनसत्त्व कमी असेल तर हे प्रथिन निष्क्रिय राहते. या तपासण्या अजून संशोधनाच्या पातळीवर आहेत. गावातल्या पॅकेजमध्ये दिसल्या तरी त्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातल्या निरोगी माणसांबद्दल काय माहीत आहे?

सर्वात महत्त्वाची माहिती पुण्यातून आली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यात १४९ जण ग्रामीण होते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. शहरी मध्यमवर्गात ही टक्केवारी अनुक्रमे ८१ आणि ७९ होती. नियमित मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींमध्ये बी-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट होता.

शहापूर-मुरबाडमध्ये सुकट, जवळा, अंडी खाणारी घरे आहेत, तशीच माळकरी घरेही आहेत. दूध-दही रोज नसेल तर माळकरी घरांतल्या चाळिशीच्या माणसाने बी-१२ तपासून घेणे योग्य ठरते. हात-पाय बधिर होणे, मुंग्या येणे, थकवा, रक्त कमी असणे ही त्याची लक्षणे.

दुसरी गोष्ट शरीरयष्टीची. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असतोच असे नाही, हे त्यातून ठसठशीत झाले. ‘अंगावर मांस नाही, मला कसला बीपी’ हा समज म्हणूनच धोक्याचा.

याचा कुपोषणाशी काय संबंध?

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू आहे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू खूप कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली होती.

इलॅस्टिन गर्भातच तयार होते हे लक्षात घेऊन मार्टिन आणि ग्रीनवाल्ड या ब्रिटिश संशोधकांनी १९९७मध्ये एक सिद्धांत मांडला. गर्भात वाढ खुंटली तर धमनीच्या भिंतीत इलॅस्टिन कमी भरते आणि अशी व्यक्ती आयुष्याला कमी लवचिक धमन्यांनी सुरुवात करते. हा सिद्धांत आहे, अंतिम निकाल नाही. पण तो खरा असेल तर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचा माता-बालकांच्या पोषणाचा प्रश्न चाळीस वर्षांनंतरच्या रक्तदाबाचाही प्रश्न ठरतो.

खूण खाली आणली की धमनी सुधारते का?

इथेच पॅकेजचे आश्वासन अडखळते. होमोसिस्टीन कमी केले तर हृदयविकार टळतील, अशी मोठी अपेक्षा होती. होप-२ या चाचणीत ५,५२२ जणांना फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ किंवा बिनऔषधी गोळी देण्यात आली. होमोसिस्टीन खाली आले. २००६च्या निष्कर्षांत पक्षाघात काहीसे कमी दिसले, पण हृदयविकाराचे झटके आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले नाहीत.

म्हणून बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे, ते नसा आणि रक्तासाठी आवश्यक आहे. पण गोळी घेतली म्हणून धमनीचा प्रश्न सुटला, असे समजून रक्तदाबाकडे दुर्लक्ष करू नये.

या भागात अहवाल वाचताना कुठे फसगत होते?

तीन ठिकाणी.

एक, एचबीए१सी. ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे साखर जास्त असूनही एचबीए१सी कमी दिसू शकते. वाहक व्यक्तीतही काही पद्धतींनी केलेली तपासणी चुकू शकते. उलट, लोहाच्या कमतरतेत आकडा उगाच जास्त येऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर अधिक विश्वासार्ह. रक्त देताना कुटुंबातल्या सिकलसेलची माहिती डॉक्टरांना सांगावी.

दोन, एचएस-सीआरपी. भातलावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या, जखमा, ताप नेहमीचे. किडलेला दात, खोकला, मलेरिया, कशानेही हे प्रथिन वाढते. आकडा १०च्या वर गेला तर तो धमनीबद्दल काही सांगत नाही. बरे झाल्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेली तपासणीच ग्राह्य.

तीन, होमोसिस्टीन. रक्त काढल्यानंतर लाल पेशी हे आम्ल सोडतच राहतात. नमुना बर्फात ठेवला नाही किंवा तासाभरात द्रव वेगळा केला नाही, तर आकडा आपोआप चढतो. डोळखांब किंवा टोकावड्याच्या पुढच्या गावातून सकाळी घेतलेली नळी दुपारी प्रयोगशाळेत पोहोचली, तर ‘होमोसिस्टीन वाढले’ हा निष्कर्ष प्रवासाचा असू शकतो.

मग पस्तिशी-चाळिशीतल्या निरोगी माणसाने काय तपासावे?

सुरुवात दंडाच्या पट्ट्याने. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता रक्तदाब दोनदा मोजावा. १४० आणि ९०च्या वर पुन्हा पुन्हा आला तर उपचार हवेत.

या दोन आकड्यांतच कडकपणाचा एक फुकटचा इशारा दडलेला असतो. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. १२० आणि ८० असेल तर फरक ४०. १५० आणि ८० असेल तर ७०. लवचिक धमनी धक्का पचवते, म्हणून फरक कमी राहतो. कडक धमनीत वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. फरक सतत ६०च्या वर असेल तर डॉक्टरांशी बोलावे. मात्र चाळिशीच्या आत-बाहेर फरक ४० आहे म्हणजे धमनी निर्धोक, असा उलटा अर्थ काढू नये. हा इशारा उशिरा मिळतो.

त्यानंतर उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने. साखर १०० ते १२५ असेल तर सावध, १२६ किंवा अधिक दोनदा आली तर मधुमेह. कमरेचा घेरही टेपने मोजावा. पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या वर धोका वाढतो.

यासाठी पॅकेज घेण्याची गरज नाही. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी अपेक्षित आहे. आशा सेविका घरी येऊन भरतात तो सी-बॅक अर्ज याच कामाचा. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातल्या आजारांचे गुण मोजले जातात. आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय इथे पुढची तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून सेवा मोफत आहेत.

गरज किती आहे? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे. दोन्ही आजार सुरुवातीला दुखत नाहीत, हीच अडचण.

कडकपणा रोखता येतो का?

तुटलेले इलॅस्टिन परत येत नाही. पण वेग कमी करता येतो, आणि त्याचे उपाय बहुतेक स्वयंपाकघरातले आहेत.

मीठ हा पहिला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. भाताबरोबर सुकी मासळी, लोणचे, पापड आणि वरून मीठ, असे ताट झाले की ही मर्यादा एका जेवणातच संपत येते. सुकी मासळी सोडायची गरज नाही. ती दोन-तीन पाण्यांतून धुवावी आणि त्या दिवशी कालवणात वेगळे मीठ घालू नये.

मीठ बदलल्याने काय होते, याचा पुरावा खेड्यांतूनच आला आहे. चीनमधल्या ६०० गावांतल्या २०,९९५ जणांवरच्या अभ्यासात निम्म्या गावांना ७५ टक्के साधे आणि २५ टक्के पोटॅशियमचे मीठ दिले गेले. २०२१मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा, तंबाखू. बिडी-सिगारेट तर आहेच, पण मिश्री आणि गायछापही यात येतात. निकोटिन प्रत्येक वेळी ठोके आणि रक्तदाब चढवते.

तिसरा, हालचाल. शेतकऱ्याला व्यायामाची गरज नाही, हे पूर्ण खरे नाही. भाताचे काम हंगामी असते. दिवाळीनंतर शेत मोकळे होते. मुरबाड एमआयडीसीत यंत्रासमोर उभे राहणारे किंवा आसनगाव-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणारे दिवसाचे कित्येक तास एकाच जागी असतात. आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालण्याने धमन्यांची लवचिकता टिकायला मदत होते.

चौथा, गोळी. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि आकडा खाली आला की ‘बरे वाटते’ म्हणून ती बंद करणे ही सर्वात महाग चूक. आकडा खाली आहे तो गोळीमुळे. ती थांबली की धमनीवरचा मारा पुन्हा सुरू होतो, आणि त्याची जाणीव होत नाही.

थोडक्यात काय?

रक्तातल्या खुणा उपयोगी आहेत, पण त्या एकत्र वाचाव्या लागतात आणि रक्तदाबाशिवाय त्यांना फारसा अर्थ नाही. महागड्या तपासणीत पैसे घालण्याआधी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लिपिड आणि क्रिएटिनिन तपासावे. आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. एका अहवालापेक्षा पाच वर्षांची वही डॉक्टरांना जास्त सांगते.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाएकी घाम, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर रक्ततपासणीची वाट न पाहता १०८ला फोन करावा. तिथे मिनिटे मोजली जातात.